1 वाजून 40 मिनिटं

शनिवार, सकाळी 7:10
वहीत शेवटच्या दोन रात्री कोऱ्या आहेत. त्याआधीच्या 16 रात्रींची एकेक ओळ आहे: वेळ, किती मिनिटं, ऑक्सिजन किती. वेळ जवळपास तीच, 1:40. एकदा 1:35, एकदा 1:50. क्लस्टर डोकेदुखीचा हा माझा तिसरा मोसम. आधीचे दोन्ही सात-सात आठवडे चालले होते. हा तिसऱ्या आठवड्यात आहे. तरीही पेन उचलून मी आजच्या तारखेपुढे लिहितो, 'संपला?' प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे सावधगिरी बाळगली असं मला वाटतं.
व्हेरापॅमिल 80 मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. दिवसातून तीन.

सकाळी 10:40
बेडरूमच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. पूर्ण भरला की काटा 150 वर असतो आणि आत साधारण 1,500 लिटर. आता काटा 15 वर आहे. म्हणजे 150 लिटर. मिनिटाला 12 लिटरने साडेबारा मिनिटं.
ब्रिटनमधल्या एका चाचणीत (ती 2009 साली छापून आली) हाच वेग ठेवून 15 मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला, तेव्हा 78 टक्के झटके आटोक्यात आले. साधी हवा दिली तेव्हा 20 टक्के. साडेबारा आणि पंधरा यांत अडीच मिनिटांचा फरक.
बायको विचारते, "सिलिंडर भरून आणतोस ना? दुकान 1 ला बंद होतं."
"सोमवारी आणतो."

दुपारी 2:30
दुपारची गोळी घेतो आणि आडवा होतो. मोसमात दुपारी झोपायचं नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. 70 मिनिटं झोप लागते. काही होत नाही.

संध्याकाळी 6:05
मानेची उजवी बाजू आखडलेली. जांभया. उजव्या डोळ्यामागे, दुखणं म्हणता येणार नाही असं, काहीतरी. चहा घेतो. उशी उंच झाली असेल.

संध्याकाळी 7:20
मेहुण्याकडे जेवायला निघतो. ऑफिसची सॅक घ्यायची नाही, शनिवार आहे. सॅक तशीही ऑफिसात, ड्रॉवरमध्ये आहे. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, 6 मिलिग्रॅम, त्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात. घरातलं शेवटचं गुरुवारी पहाटे वापरलं.

रात्री 8:15
मेहुणा बिअर ओततो. "अर्धा ग्लास तरी घ्या, भाऊजी." मोसमात दारू चालत नाही. बहुतेकांना तासाभरात झटका येतो. मोसम नसेल तेव्हा तीच दारू निरुपद्रवी. म्हणून आमच्यातले काही जण अर्ध्या ग्लासावरच मोसम संपल्याची परीक्षा घेतात. मूर्ख परीक्षा आहे, पण मोह समजतो.
घेतो.
2021 साली मेहुण्याने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतला होता. "पडूनच आहे, घेऊन जा," म्हणतो. मी नको म्हणतो. तो मिनिटाला 5 लिटर देतो, तेवढ्याने आमचं भागत नाही. आजच्या दिवसातला हा एक निर्णय बरोबर होता.

रात्री 9:15
तास झाला. काही नाही. 9:30, काही नाही.
बिअरने काही केलं नाही, हे खरंच होतं. त्यावरून मोसम संपला, असं मी ठरवलं.

रात्री 11:10
घरी. बिअर घेतली आहे म्हणून रात्रीची गोळी टाळतो. बायको सिलिंडरकडे पाहते. चावी कुठे आहे विचारते. मी म्हणतो, असेल तिथेच.

रात्री 11:50
दिवा बंद.
हे दुखणं घड्याळ पाळतं. 1998 साली लंडनमधल्या संशोधकांनी 9 रुग्णांच्या मेंदूची झटका चालू असताना छायाचित्रं घेतली. उजळलेला भाग होता हायपोथॅलॅमस, शरीराची झोप-जागेची वेळ सांभाळणारा. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी झटका यायचा, हे रुग्णांना त्याआधीही ठाऊक होतं.

रात्री 1:40
जाग येते. उजवा डोळा पाणावलेला, पापणी खाली आलेली, त्याच बाजूची नाकपुडी बंद.

रात्री 1:43
मायग्रेनवाला अंधारात पडून राहतो. इथे पडून राहता येत नाही. हॉल ते गॅलरी 11 पावलं. बायको मुलाच्या खोलीचं दार लावते. सुरी भाजून डोळ्यात फिरवावी, असं लोक वर्णन करतात. मला वर्णन करायला कधीच जमलं नाही. 2014 साली याच दुखण्यासाठी माझी उजवी वरची दाढ काढली होती. ती निरोगी होती. त्याआधी दीड वर्ष सायनसची औषधं.

रात्री 1:46
चावी सापडते. वॉशिंग मशीनवर. सहा मिनिटं गेली आहेत. ऑक्सिजन जितका लवकर सुरू होईल तितका बरा. मास्क चढवतो, पिशवी फुगते, फ्लोमीटरमधला गोळा 12 वर येतो. खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसतो.

रात्री 1:54
कळ थोडी मागे सरते. पूर्ण नाही. हे ओळखीचं आहे, इथून आणखी सात-आठ मिनिटं लागतात.

रात्री 1:57
काटा लाल पट्ट्याच्या तळाशी.

रात्री 1:58
गोळा 12 वरून 8 वर, 8 वरून 3 वर. मग खाली बसतो. पिशवी चपटी होते.

रात्री 2:01
कळ परत येते. आता हाताशी काही नाही. ऑफिस 14 किलोमीटर, त्याला कुलूप.
बायको म्हणते, "हॉस्पिटलला जाऊया?" मागच्या मोसमात गेलो होतो. तिथे गोळी दिली आणि झोपून राहायला सांगितलं. मी मान हलवतो.
11 पावलं. 11 पावलं.

रात्री 3:05
बटण बंद केल्यासारखी थांबते.

रात्री 3:20
वहीत लिहितो: 1:40. 85 मिनिटं. ऑक्सिजन 12. वरचं 'संपला?' खोडतो.
दुकान सोमवारी सकाळी 10 ला उघडतं. मध्ये आणखी एक 1:40 आहे.