माणूस काढला, योजना ठेवली

सेनगाव तालुक्यातलं साखरा हे माझं गाव. गावाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. आमच्या वस्तीचा कुणी सांगत नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहून ठेवतो.

गाव सुधारायला सरकारनं माणूस द्यायचा, ही गोष्ट जुनी. 2 ऑक्टोबर 1952 ला 55 ठिकाणी समूह विकास कार्यक्रम निघाला. त्यात ग्रामसेवक आला, समाजशिक्षणवाला आला. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम निघाला. योजना बदलली की शिकवणारा घरी. पुढची योजना पुन्हा 'अ'पासून.

मी पाहिली ती 'साक्षर भारत'. सुरू झाली 8 सप्टेंबर 2009 ला. 2001 च्या जनगणनेत प्रौढ बायांची साक्षरता निम्मी किंवा त्याखाली, असे जिल्हे धरले. हिंगोली त्यात. देशात 7 कोटी प्रौढ शिकवायचे, त्यात 6 कोटी बाया. 1 कोटी 40 लाख अनुसूचित जातींचे. म्हणजे कागदावर तरी ही योजना आमच्या मायबहिणींची होती. ग्रामपंचायतीमागं एक लोकशिक्षण केंद्र, दोन प्रेरक. मानधन महिना 2000 रुपये. तेही थकायचं.

आमची प्रेरक वस्तीतलीच सून. दिवसा खुरपण, संध्याकाळी केंद्र. ती अक्षरं शिकवायचीच, पण निराधारचा अर्ज भरायची, रेशनकार्डावरचं नाव बघायची. सरकारी कागदाच्या आमच्या बाजूला बसणारं ते एकच माणूस. मायनं तिच्याकडं सही शिकली. "आता म्या आंगठा देणार नाही," म्हणाली. आकडे शिकणं चालू होतं.

31 मार्च 2018 ला योजना बंद. कपात केली असंही कुणी म्हणालं नाही. तुम्ही नोकर नव्हताच, स्वयंसेवक होता, मग काढलं कसं? केंद्राला कुलूप. प्रेरक पुढच्या हंगामात उसाच्या तोडीला गेली.

मायला सही येते. पासबुकावरचा आकडा वाचता येत नाही. कुठं सही करायची ते दुसराच बोट ठेवून दाखवतो. अशी अर्धी सही आंगठ्यापेक्षा धोक्याची.

2022 पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. त्यात शिकवणाऱ्याला मानधनच नाही. निरक्षर शोधायचं काम शाळेच्या मास्तरांवर टाकलं, तर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला. 2000 रुपये वाचले, आता फुकट कोण करणार?

माय अजून विचारते, "ती पोरगी कधी येती रे? माव्हं चाळीसच्या पुढं राहिलंय."

मित्रांनो, योजनांची नावं सरकार लिहून ठेवतं. काढलेल्या माणसांची आपण लिहू. आपापल्या गावात विचारा, केंद्राला कुलूप कधी लागलं, आणि कोणाचं कितीच्या पुढं राहिलं.