नाणेघाट चढण्यापूर्वीं

कल्याणहून मुरबाडमार्गें वैशाखरे गांवीं उतरावयाचें, नाणेघाट चढावयाचा आणि सायंकाळीं परतावयाचें, असा बेत पुष्कळजण आंखतात. शिधा, पाणी, काठी यांची सिद्धता होते. मात्र घाटमाथ्याच्या किंचित् खालीं असलेल्या लेण्यासाठीं कोणी वेळ राखून ठेवीत नाहीं. आमच्या मतें बेतांतील मोठा दोष हाच होय.

सोपारा व कल्याण या बंदरांचा माल याच खिंडीनें जुन्नरास व पुढें पैठणास जाई. या लेण्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जातो. त्याचा काळ इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा. अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणें यांची त्यांत गणती आहे. आपल्याकडील अंकचिन्हांचे अतिप्राचीन नमुनेहि तेथेंच सांपडतात. राजकुलाच्या मूर्ति भग्न होऊन गेल्या; त्यांच्या माथ्यावरील नांवें तेवढीं उरलीं, आणि अक्षरेंहि झिजत आहेत.

म्हणून पहाटेस निघावें, ऊन चढण्यापूर्वीं लेणें गांठावें व तासभर तरी तेथें बसावें. माथ्यावरच्या दगडी रांजणांत एके काळीं जकात पडे, अशी समजूत आहे. आज ती मागणारा कोणी नाहीं. वेळेच्या रूपानें ती आपणच भरली पाहिजे.