आठवड्याचे ८५ तास

२००४ साली मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो. रात्री उशिरापर्यंत अमेरिकेतल्या ग्राहकाशी फोनवर बोलायचं आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजर व्हायचं, यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नसे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका सहकाऱ्याने ईमेलने एक दुवा पाठवला. ‘ईए स्पाउस’ असं टोपणनाव घेतलेल्या एका बाईने १० नोव्हेंबरला लाइव्हजर्नलवर लिहिलेली ती ब्लॉगनोंद होती. मी तिची प्रिंट काढून घरी नेली. बायकोने ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “तुझे किती तास होतात?” मला आकडा सांगता आला नाही.

त्या बाईला तो सांगता येत होता. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य गेम कंपनीच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत प्रोग्रामर होता. गेम बाजारात यायच्या आधी कामाचे तास वाढवायची त्या धंद्यात रीत आहे. तिला ‘क्रंच’ म्हणतात. इथे क्रंच फार आधीच सुरू झाला. पहिल्यांदा रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. आत्ता थोडं सोसलंत तर शेवटी धावपळ होणार नाही, असं सांगितलं गेलं. मग रोज बारा तास झाले. शेवटी सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस. शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळाली तर मिळाली. सरासरी ८५ तास. ओव्हरटाइम नाही, बदली रजा नाही. आणि काम मागे पडलं होतं असंही नाही, ते वेळापत्रकाप्रमाणेच चाललं होतं. घरी येणाऱ्या माणसाचं डोकं दुखायचं थांबत नाही, पोट कायम बिघडलेलं असतं, हेही तिने लिहिलं. शेवटी कंपनीचे प्रमुख लॅरी प्रॉब्स्ट यांना नाव घेऊन विचारलं, की तुम्ही माणसांचं काय करताय याची तुम्हाला कल्पना आहे ना?

यातलं काही त्या धंद्याला नवं नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयजीडीएने, कामाच्या तासांवर अहवाल काढला होता. जुलैमध्ये याच कंपनीतल्या चित्रकारांच्या वतीने ओव्हरटाइमसाठी खटलाही दाखल झाला होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात काही वरच्या पदांना ओव्हरटाइमचा नियम लागू होत नाही. आमचं काम त्यात बसत नाही, हे कर्मचाऱ्यांचं म्हणणं. म्हणजे अहवाल होता, वकीलही होता. तरी गवगवा झाला तो या ब्लॉगनोंदीने.

याचं कारण मला असं दिसतं. गेमविषयी लिहिणारी मासिकं गेम कंपन्यांच्याच जाहिरातींवर चालत, आणि नवा गेम आधी बघायला मिळावा म्हणून त्यांची मर्जीही सांभाळत. कर्मचाऱ्यांना नोकरी जाण्याची धास्ती. या बाईचं नाव मात्र त्या कंपनीच्या हजेरीपटावर नव्हतं, आणि ब्लॉगला ना संपादक ना जाहिरातदार. शिवाय तिने तास मोजले ते घरच्या बाजूने. अहवालातली टक्केवारी वाचून कुणी आपल्या बायकोला दाखवत नाही. ही नोंद मी दाखवली.

पुढे मोठ्या वर्तमानपत्रांनी विषय उचलला. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं; काही पदांना ओव्हरटाइम लागू करण्याची भाषा त्यात होती. चित्रकारांचा खटला १ कोटी ५६ लाख डॉलरवर मिटला. प्रोग्रामरांनी वेगळा खटला भरला. त्यात मुख्य वादी होता लिअँडर हेस्टी, म्हणजे त्या बाईचाच जोडीदार. तो २००६ साली १ कोटी ४९ लाख डॉलरवर मिटला. त्याच वर्षी तिने आपलं नाव जाहीर केलं: एरिन हॉफमन. ती स्वतःही गेम बनवणारीच होती.

हे सगळं श्रेय ब्लॉगचं म्हणणं बरोबर नाही. पहिला खटला त्याच्या आधीचा होता. आणि क्रंच संपलाही नाही. जानेवारी २०१० मध्ये रॉकस्टार कंपनीच्या सॅन दिएगो स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांच्या बायकांनी जवळपास तीच तक्रार नव्याने जाहीरपणे लिहिली. कंपनी बदलली होती, तास आणि आजारपण तेच. प्रत्येक वेळी कुणीतरी घरून लिहावं, मग त्या एका कंपनीने थोडं सुधारावं, असा हा प्रकार.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर या इंजिनिअरने स्वतःच्या नावाने ब्लॉगवर उबरमधला अनुभव लिहिला. साहेबाने केलेली छळवणूक आणि मनुष्यबळ विभागाने केलेली टाळाटाळ तिने क्रमाने, आवाज न चढवता मांडली. चौकशी बसली, वीसहून अधिक जणांची नोकरी गेली, आणि जूनमध्ये संस्थापक ट्रॅव्हिस कॅलॅनिक यांना मुख्याधिकारीपद सोडावं लागलं. या दोघींच्या लिखाणात विशेषणं कमी आहेत. काय झालं, कधी झालं, कुणाला सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं, एवढंच. नाकारायला कठीण जातं ते हेच.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे. त्याच्या चौकोनांत बायको दुधाचा हिशेब लिही. ती नोंद वाचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या आकड्याखाली ती आणखी एक आकडा लिहू लागली: मी घरी आलो ती वेळ. डिसेंबरअखेर आम्ही दोघांनी बसून बेरीज केली. आठवड्याला सरासरी ६८ तास भरले. मी ते पान फाडून बॅगेत ठेवलं, साहेबांना दाखवायचं म्हणून. दाखवलं नाही. जानेवारीत नवं कालनिर्णय आलं आणि तिने त्यात फक्त दूध लिहायला सुरुवात केली.