तांबं, कॉलरा आणि अंड्यातली पिल्लं

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे: कोंबडीची अंडी उबवायची हॅचरी आणि तांबं! तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी पिणारे आपण सगळे यातले जन्मजात एक्सपर्ट आहोतच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

अंडं उबायला 21 दिवस लागतात. पहिले 18 सेटर नावाच्या मशीनमध्ये, शेवटचे तीन हॅचरमध्ये. जंतूंसाठी हॅचर म्हणजे स्वर्ग. 37 अंशांच्या आसपास ऊब, भरपूर दमटपणा, फुटलेली टरफलं आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडणारी पिल्लांची लव. मोजक्या अंड्यांत साल्मोनेला असला तरी तो शेजारच्या पिल्लांपर्यंत पोचतो. पिल्लाची बेंबी तेव्हा धड मिटलेलीही नसते.

यावरचा जुना उपाय म्हणजे फॉर्मॅलिनची धुरी. पण फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. दुसरा उपाय, अंड्यातच अँटिबायोटिक टोचायचं. कॅनडात क्विबेकच्या हॅचऱ्या सेफ्टिओफर टोचत. 2005 मध्ये त्यांनी ते स्वतःहून थांबवलं, आणि तिथल्या कोंबड्यांमध्येच नव्हे तर आजारी माणसांमध्ये सापडणाऱ्या साल्मोनेला हायडेलबर्गमध्येही त्या जातीच्या औषधांना न जुमानणारे जंतू झपाट्याने कमी झाले. पिल्लाच्या सुईचा हिशोब माणसाच्या तापात लागत होता!

मग ट्रे, हँडलं, टेबलं अशा पृष्ठभागांनीच जंतू मारले तर? इथे तांबं येतं, आणि त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

1852 मध्ये व्हिक्टर बुर्क या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की पॅरिसमधले तांब्याचं काम करणारे कामगार कॉलऱ्याने फारसे मरत नाहीत. गडी चिकाटीचा. पुढची कित्येक वर्षं त्याने आकडे गोळा केले आणि 1867 मध्ये ते फ्रेंच अकादमीपुढे मांडले. पण हाच बुर्क अंगावर धातूच्या चकत्या लावून हिस्टेरियाही बरा करायचा म्हणे. माझ्या मते त्याचे चांगले आकडे याच चकत्यांखाली गाडले गेले. 1893 मध्ये कार्ल नेगेलीचा शोध (त्याच्या मृत्यूनंतर) छापून आला: पाण्यातल्या नगण्य तांब्यानेही शेवाळ मरतं. पण पुढे अँटिबायोटिक्सचा जमाना आला आणि तांबं मागे पडलं.

1983 मध्ये अमेरिकेत फिलिस कून यांनी हॉस्पिटलच्या दारांच्या मुठी तपासून घेतल्या. चकचकीत स्टीलच्या मुठींवर जंतू भरपूर, जुन्या पितळी मुठींवर फारच कमी. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये मोजलं तेव्हा एमआरएसए हा चिवट जंतू तांब्यावर सुमारे 90 मिनिटांत संपला, स्टीलवर तीन दिवसांनीही जिवंत. तांब्याचे आयन जंतूचं आवरण फाडतात आणि आत शिरून डीएनएची वाट लावतात. 2008 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना 'जंतू मारणारे' असं लेबल लावायची परवानगीही दिली. मात्र सोबत अट अशी, की हे नेहमीच्या साफसफाईला पूरक आहे, पर्याय नाही.

हॅचरीत नेमकी ही अटच आडवी येते. तांबं मारतं ते त्याला टेकलेल्या जंतूला. वाऱ्यावर उडणाऱ्या लवेवरच्या जंतूला ते काही करू शकत नाही. वर अंड्याचा बलक आणि विष्ठा वाळून थर बसला की जंतू त्या थरावर बसणार, धातूवर नाही. आजीच्या घंगाळाला आठवड्याला चिंच लागायची ती काही उगीच नाही. (आणि कल्हई केलेल्या पातेल्याचं कौतुक करणाऱ्यांनो, आत कथिल असतं, तांबं अन्नाला शिवतही नाही. असो.)

त्यामुळे 'सगळी हॅचरी तांब्याने मढवा' असं कोणी म्हणालं तर मी तरी पैसे लावणार नाही. अंडी हाताळायची टेबलं, दारांच्या मुठी, पिल्लं निवडायच्या जागा, म्हणजे जिथे रोज पुसलं जातं आणि शंभर हात लागतात, तिथे मात्र लावीन.