तेरची वीट, इसेचे लाकूड

माकणीच्या धरणात अडणारे तेरणेचे पाणी वरच्या अंगाला तेर गावावरून येते. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात सापडते.

मुलांची सहल तिथे नेलीत, तर त्रिविक्रम मंदिर आधी मागच्या बाजूने दाखवा. भिंत अर्धवर्तुळात वळलेली, वर हत्तीच्या पाठीसारखे विटांचे छत. कार्ले-भाजे पाहिलेल्यांना लगेच चैत्यगृह आठवेल. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनाही तेच आठवले. मूळचा हा बौद्ध चैत्य, विष्णू नंतर आला, असे त्यांनी मांडले आणि पुढे पुष्कळ पुस्तकांत तेच छापले गेले. पण आकार म्हणजे धर्माचा दाखला नव्हे. ऐहोळेचे दुर्ग मंदिरही मागून गोलच आहे! पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची ही वास्तू मुळात मंदिरच असावी, असेही काही अभ्यासक मानतात. वर्गात दोन्ही बाजू सांगाव्यात. निकाल सांगण्याची घाई आपण शिक्षकच फार करतो.

विटेकडेही नीट पाहा. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून जातो, त्याच्या जागी पोकळ्या राहतात, घनता पाण्याहून कमी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तेरणेच्या खोऱ्यात दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे गाडली गेली. ते आठवले की हलकी वीट हा निव्वळ गमतीचा विषय राहत नाही. (आणि हे गाव गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराचे!)

जपानमध्ये इसे येथे शिंतो पंथाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तिथली लाकडी देवळे साधारण दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात. ही प्रथा ६९० साली सुरू झाली. मध्ये खंड पडले, तरी २०१३ मध्ये बासष्टावी खेप झाली. तिथे लाकूड नवे, रीत जुनी. तेरला वीट जुनी, आतली पूजा कदाचित बदललेली. यांत जुने देऊळ कोणते, हे मुलांनाच विचारा.

लाकूड आपल्याकडेही अगदीच नाहीसे झालेले नाही. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट गावातल्या लामतुरे संग्रहालयात ठेवली आहे. परतण्यापूर्वी तीही पाहून घ्या.