मागापासून मारुतीपर्यंत

आमची नानी गाडीत बसताना दोन नावं घ्यायची. आधी ‘बिस्मिल्लाह’ आणि दार लागलं की ‘चल रे मारुती’. समोरच्या घरचे काका एकदा हसून म्हणाले, “नानी, मारुतीत बसायले बिस्मिल्ला कायले लागते जी?” नानी म्हणाली, “गाडी तुमच्या मारुतीची हाय, जीव तं माहा हाय ना!”

ही गाडी मामूंची. 1992 चं मॉडेल, पांढरी मारुती 800, त्यांनी 2001 साली सेकंडहँड घेतली. मामू तुमसरला ट्रकचे मिस्त्री. धानाचे ट्रक, मँगनीजचे ट्रक, राइस मिलच्या गाड्या, सगळ्यांखाली त्यांचं आयुष्य गेलं. बपेऱ्यात आमच्या घरासमोर ती गाडी उभी राहिली त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की आमच्या खानदानात चार पिढ्या दुसऱ्यांच्या गाड्या हाकत आणि दुरुस्त करत आल्या, पण स्वतःची गाडी कुणाचीच नव्हती. परनाना बैलगाडीवर, नाना ट्रकवर, मोठे मामू एका साहेबांच्या अ‍ॅम्बेसेडरवर. स्टिअरिंग नेहमी आमच्या हातात आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात.

हे फक्त आमच्याच घरचं नाही. सच्चर समितीचा 2006 चा अहवाल वाचा. मुस्लिमांची रोजीरोटी जिथे जास्त एकवटली आहे त्यांत कापड, विडी, वाहतूक आणि वाहन दुरुस्ती ही कामं आहेत. यातलं कापड आणि गाडी यांचं नातं मला फार उशिरा कळलं. ते सांगायला जपानला जावं लागेल.

जपानमध्ये हमामात्सू नावाचं गाव आहे. कापूस पिकवणारा आणि विणणारा मुलूख. तिथल्या शेतकरी घरातला मिचिओ सुझुकी आधी सुतारकाम शिकला आणि 1909 मध्ये त्याने हातमाग बनवण्याचा कारखाना काढला. पहिला माग त्याने आपल्या आईसाठी केला, असं सांगतात. 1920 मध्ये रीतसर कंपनी झाली, पण माल तोच, माग. आमच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोष्टी लोक कोसा विणतात. नागपूर, कामठी, मालेगाव, भिवंडीला मोमीन-अन्सारी बिरादरीने पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले. त्या घरांत वाढलेल्या कुणालाही मिचिओ सुझुकी लगेच ओळखीचा वाटेल. मागाला किती बारीक यंत्रबुद्धी लागते हे विणकराला सांगावं लागत नाही. टोयोटाचं मूळही मागातच आहे आणि तेही त्याच मुलखातलं. प्रश्न मला एवढाच पडतो की त्यांच्या मागातून मोटार निघाली, आमच्या मागातून का नाही निघाली? उत्तर लांबलचक आहे. त्यात भांडवल आहे, इंग्रजांचं राज्य आहे, शिक्षण आहे, आणि पुढे येईल ती परवान्यांची गोष्टही आहे.

सुझुकींनी गाडी केली ती हौसेने नव्हे, अडचणीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर मागाचा धंदा बसला. चांगला माग वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून एकदा घेतलेला गिऱ्हाईक परत येत नाही. मिचिओचे जावई शुन्झो मासेमारीला सायकलने जात. वाऱ्याविरुद्ध पायडल मारून थकल्यावर त्यांना सायकलला इंजिन लावायची कल्पना सुचली, अशी कंपनीची कहाणी आहे. 1952 मध्ये ‘पॉवर फ्री’ निघाली, 36 सीसीचं इंजिन लावलेली सायकल. 1955 मध्ये ‘सुझुलाइट’ ही छोटी मोटार आली. पुढे 1978 मध्ये ओसामू सुझुकी अध्यक्ष झाले. तेही जावईच, लग्नानंतर सासरचं नाव घेतलेले. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, पण ही कंपनी घरजावयांनीच मोठी केली.

आता गाडीच्या मजेकडे येते. युद्धानंतर जपान सरकारने लहान मोटारींचा वेगळा वर्ग ठरवला. त्याला ते ‘केई’ म्हणतात, म्हणजे हलकी. इंजिन आणि लांबी-रुंदी ठरावीक मापाच्या आत ठेवली तर कर कमी. इंजिनाची मर्यादा 1955 पासून 360 सीसी आणि 1976 पासून 550 सीसी. एवढ्याशा इंजिनावर चार माणसं ओढायची तर उपाय एकच, वजन कमी करा. पत्रा पातळ, चाकं लहान, इंजिन आडवं बसवून पुढच्याच चाकांना ताकद द्या, म्हणजे मागे जाणारा जड शाफ्ट लागत नाही. 1979 मध्ये ओसामूंनी ‘अल्टो’ आणली, किंमत 4 लाख 70 हजार येन. तिची नोंद त्यांनी मालवाहू गाडी म्हणून केली, कारण मालवाहू गाडीवर प्रवासी गाडीचा कर नव्हता. दुकानदाराच्या डोक्याचा माणूस! याच अल्टोला 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि ती आपली पहिली मारुती 800 झाली.

म्हणजे 800 ची जी चपळाई आपल्याला आवडली ती कुणी चैनीसाठी बनवलेली नव्हती. ती काटकसरीतून आली होती. साधारण 650 किलोंची गाडी, अ‍ॅम्बेसेडर तिच्या जवळजवळ पावणेदोनपट. क्लच पायाला लागतच नाही, स्टिअरिंग एका हाताने फिरतं, गल्लीत एका फेऱ्यात वळते. मोठ्या गाडीत 60 च्या वेगाला काही वाटत नाही. 800 मध्ये 60 वर गाडी गाणं म्हणते. मामूंचं एक वाक्य आहे, “ये इंजिन से कम, हल्केपन से ज़्यादा भागती है.” ट्रकखाली आयुष्य काढलेल्या माणसाचं हे प्रमाणपत्र मला कुठल्याही मासिकातल्या परीक्षणापेक्षा मोठं वाटतं. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी याच गाडीचं इंजिन घेऊन एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. त्यांना ‘फॉर्म्युला मारुती’ म्हणत. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्याच गाड्यांच्या शर्यतीत उतरला होता.

भारतातली गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. संजय गांधींची मारुती मोटर्स 1971 ची. तिची गाडी बाजारात आलीच नाही. 1980 मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला. 1981 मध्ये सरकारने मारुती उद्योग स्थापन केला आणि 2 ऑक्टोबर 1982 ला सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा 26 टक्के. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांनी ती कंपनी उभी केली. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिली किल्ली हरपाल सिंग यांना दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते, आणि 2010 मध्ये वारले तोवर ती गाडी त्यांनी सोडली नाही. किंमत 47,500 रुपये. बुकिंगचे 10,000 आधी भरायचे, तरी लाखाहून जास्त लोकांनी भरले.

पण त्याआधीची आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट थोड्यांना ठाऊक आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः बनवली होती. एकदा नव्हे, सुधारून सुधारून अनेकदा. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी, हेच त्यांचंही स्वप्न. ती कधी बाजारात पोचली नाही. परवान्यांच्या त्या काळात कोण किती गाड्या बनवणार हे सरकार ठरवायचं. इचलकरंजी हे सुद्धा मागांचंच गाव, हे लिहिताना माझा हात थोडा थांबतो. हमामात्सूच्या कारागिराला त्याच्या सरकारने लहान गाडीसाठी करात सूट दिली. इचलकरंजीच्या कारागिराच्या वाट्याला फायली आल्या.

मारुती आली तेव्हा तुमसरच्या गॅरेजांत तिची थट्टा झाली होती, असं मामू सांगतात. ‘साबणाची डबी’, ‘पोरांचं खेळणं’. उस्ताद लोकांचा हात अ‍ॅम्बेसेडर-फियाटवर बसलेला. त्या गाड्या रोज काही ना काही मागायच्या आणि त्यावर गॅरेजची चूल पेटायची. ही गाडी मागतच नव्हती काही. बोनेट उघडलं तर इंजिन आडवं, हात घालायला जागा नाही, साखळीऐवजी रबराचा टाइमिंग पट्टा. मामूंच्या उस्तादांनी पहिल्यांदा तो पट्टा पाहिला आणि म्हणाले, “हे शिलाई मशीन आहे की इंजिन?” त्यांना ठाऊक नव्हतं, पण माग बनवणाऱ्याच्या कारखान्यातल्या इंजिनाला याहून बरी दाद कुठली मिळणार!

उस्ताद शिकले नाहीत. मामू शिकले. कार्बोरेटर खोलणं, पॉइंट साफ करणं, कानाने टॅपेट ऐकणं हे जुनं इल्म 800 वरही चाललं, 2000 च्या आसपास नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन येईपर्यंत. त्यानंतर स्कॅनर लागला, कंपनीचं वर्कशॉप लागलं, आयटीआयचा कागद लागला. उस्ताद-शागिर्दाची शाळा तिथे मोडली. मी स्वतः शिक्षिका आहे, कागदाची किंमत मला कळते. पण दहावी नापास मुलाला वर्षभर हातात नुसता पाना धरून उभं करणारी, मग एक दिवस ‘चल, आज तू खोल’ म्हणणारी ती शाळा कुठल्याच अभ्यासक्रमात आली नाही, याचं मला वाईट वाटतं. माझ्या वर्गातली काही मुलं अजून सुट्टीत गॅरेजला जातात. सोमवारी त्यांची नखं काळी असतात आणि ती हात बाकाखाली लपवतात. मी त्यांना फळ्याकडे बोलावते आणि ‘फोर स्ट्रोक’ समजावून सांगायला लावते. उर्दूत, मग मराठीत.

ओसामू सुझुकींनी गुरगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगारांना एकच गणवेश आणि एकच कँटीन दिलं, याचं तेव्हा फार कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्याच कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात 18 जुलै 2012 ला हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला, आणि 2017 मध्ये 13 कामगारांना जन्मठेप झाली. एका कँटीनमध्ये जेवल्याने कंत्राटी आणि कायम कामगार सारखे होत नाहीत. स्वस्त गाडीचं कौतुक करताना हेही लिहायला हवं.

मी गाडी शिकले ती याच 800 वर, बी.एड. करत होते तेव्हा. धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या होत्या, रस्त्याला माणूस नव्हतं. मामू शेजारी बसले आणि म्हणाले, क्लच सोड, घाबरू नको, ही मारत नाही. अ‍ॅम्बेसेडर असती तर माझे पायच पुरले नसते. सिहोऱ्याकडच्या रस्त्यावर तिसरा गिअर पडला आणि मी हसत सुटले, नुसतीच, कारण नसताना. बुरखा घातलेली पोरगी गाडी हाकते म्हणून पानठेल्यावर लोक उठून उभे राहिले. आमच्याच काहींनी नंतर अब्बांकडे येऊन समजावलं की हे बरं दिसत नाही. अब्बा म्हणाले, तिला रोज तुमसरला कोण नेऊन सोडणार, तुम्ही? त्यावर कुणी बोललं नाही. पुढे त्यांच्यातल्याच एकाच्या मुलीला मीच शिकवलं. याच गाडीवर.

नागझिरा, पेंच, ताडोब्याला गेलात तर दुसरी सुझुकी दिसेल, जिप्सी. 1985 ची गाडी, आता बनत नाही, पण जंगलाच्या वाटांवर पर्यटकांना घेऊन अजून धावते. तिचंही गुपित तेच, चढावर, चिखलात हलकं अंग.

800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. तोवर देशात 25 लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. ओसामू सुझुकी 25 डिसेंबर 2024 ला वारले, वय 94. ती बातमी मी मामूंना वाचून दाखवली. त्यांनी ‘इन्ना लिल्लाह’ म्हटलं आणि विचारलं, “त्यांच्या पोरांना काम येतं का?”

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. आमच्या गाडीची शेवटची 2022 मध्ये झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून फी 600 वरून 5,000 झाली होती. भंगारवाल्याने तेव्हा जो भाव सांगितला तो ऐकून मामूंनी फी भरली. पुढची 2027 ला आहे. त्याआधी टाइमिंग पट्टा बदलायचा आहे. मामूंना आता वाकता येत नाही, म्हणून ते खुर्ची टाकून बसतील आणि पट्टा मी बसवणार आहे.