खाणे की खेळणे?

आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आपण खातो त्यावर जगतात, हे वर्गात सांगून झालेले असते. पण आपण धावलो, खेळलो, तर त्यांना काही फरक पडतो का?

२०१४ साली आयर्लंडमधील संशोधकांनी ४० व्यावसायिक रग्बी खेळाडूंच्या विष्ठेची तपासणी प्रसिद्ध केली. खेळाडू नसलेल्या पुरुषांपेक्षा त्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती. मात्र हे खेळाडू प्रथिनेही भरपूर खात होते! मग श्रेय कोणाला द्यायचे? दोन गोष्टी एकदम बदलल्या, की कारण हाती लागत नाही.

ही गाठ सोडवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय नसलेल्या ३२ जणांकडून (१८ सडपातळ, १४ लठ्ठ) सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेतला. नमुना देण्याआधीचे तीन दिवस आहार ठरलेला असे. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या नमुन्याशी. सडपातळ व्यक्तींच्या विष्ठेत ब्युटिरेट वाढले. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू हा पदार्थ बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी तो इंधन म्हणून वापरतात. लठ्ठ व्यक्तींत मात्र ही वाढ दिसली नाही.

आम्हाला या प्रयोगाचा उरलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. पुढचे सहा आठवडे सर्वांनी व्यायाम बंद ठेवला, आणि झालेले बदल बहुतांशी ओसरले. रग्बीपटूंना असे सहा आठवडे घरी बसवणे कोणाला जमले असते?